काढण्याआधी एकदा बसवावं लागतं

तो दिवा जरा इकडे सरकव आणि बस. तू माझी धाकटी बहीण असलीस तरी तुझं डोकं माझ्यापेक्षा थंड आहे, म्हणून आधी तुलाच सांगते. मध्ये मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी अर्ध्यावर थांबेन आणि मग पुढचं सांगायचा धीर होणार नाही.

सकाळी सिस्टरांचा फोन आला तेव्हा काम अगदीच साधं वाटलं होतं. टेकडीवरच्या त्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात मी कधीमधी जाते ना, तिथल्या मशीनवरून एक जुना प्रोग्राम काढून टाकायचा होता. बस्, एवढंच. माझ्या धंद्यात बसवायला सगळे बोलावतात, काढायला कोणी बोलावत नाही. लोक नवं आणतात, जुनं तसंच पडू देतात आणि मग दोन्ही एकमेकांच्या तंगड्यांत तंगड्या घालतात. मी म्हटलं, दुपारी येते, चहापर्यंत मोकळी होईन.

"पूर्ण निघेल ना पण?" सिस्टर म्हणाल्या. "मागमूस राहता कामा नये, ताई. आमचा एक माणूस जाता जाता राहिला."

त्याचं असं आहे. तिथल्या वॉर्डात प्रत्येक खाटेला एक दोरी आहे आणि दोरीच्या टोकाला बटण. बटण दाबलं की सिस्टरांच्या खोलीतल्या फळीवर त्या खाटेचा दिवा लागतो आणि बेल किणकिणते. या दोन्हींच्या मध्ये जिन्याखालच्या खोलीतला एक कंप्युटर. कोणी दाबलं आणि कोणाचा दिवा लावायचा, हे तो ठरवतो. ही सगळी करामत तिथल्या जुन्या तंत्रज्ञाची. त्यांना सगळे बेलवाले काका म्हणायचे. तारा त्यांनी ओढल्या, फळी त्यांनी केली आणि प्रोग्रामही बाजारातून तयार आणला नाही. त्याचा मूळ मजकूर, आम्ही त्याला सोर्स म्हणतो, तो मिळवला, त्यात स्वतः फेरफार केले आणि तिथेच त्या मशीनवर कंपाइल करून, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात आणून, बसवला. अंगावर माप घेऊन शिवलेल्या कपड्यासारखा तो त्या वॉर्डाला बसला होता. पुढे काका त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर वारले. मग काकू आजारी पडल्या आणि त्यांनी तीच खाट मागून घेतली.

आता संस्थेने नवी बेल विकत घेतली. ती बसवायला एक टायवाला आला. काकांचा मुख्य प्रोग्राम समोर दिसला तेवढा त्याने उडवला, आपला बसवला आणि हात झटकून गेला. पण सोर्समधून बसवलेला प्रोग्राम एका जागी कधी नसतो. एक फाइल इथे, एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचं हाताशी लागणारं सामान, तिथे, सेटिंग तिसरीकडेच. आणि ते मशीन ज्यावर चालतं त्या लिनक्सची खोड अशी, की ते आधी घरी बनवलेल्या सामानाचं कपाट उघडून बघतं, मग बाहेरून आलेल्याचं. नव्या प्रोग्रामला ज्या नावाची लायब्ररी लागत होती, त्याच नावाची काकांची जुनी लायब्ररी घरच्या कपाटात पडलेली होती. त्याने तीच उचलली. म्हणजे तोंड नवं आणि पोट काकांचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा.

मग व्हायचं तेच झालं. काकूंच्या शेजारच्या खाटेवर एक मास्तर आहेत. जेवताना त्यांच्या घशात घास अडकला. त्यांनी बटण दाबलं आणि फळीवर दिवा लागला काकूंचा. सिस्टर धावत काकूंकडे गेल्या. तोवर दोन खाटांमधल्या पडद्यापलीकडे मास्तर निळे पडत चालले होते. वाचले, पण अगदी थोडक्यात.

मी पोचले तेव्हा टेकडीवर धुकं उतरलेलं होतं. भर दुपारी फाटकाचे खांब दिसत नव्हते. वॉर्डातली माणसं जेवून आडवी झालेली, कुठे खोकला, कुठे खाटेची करकर, आणि खिडक्यांच्या बाहेर सगळं पांढरं. सिस्टरांनी मला आधी फळीपाशी नेलं.

"एक सांगून ठेवते," त्या हळूच म्हणाल्या. "रोज चहाच्या सुमाराला काकूंचा दिवा लागतो. त्या बटण दाबत नाहीत. नुसता लागतो आणि विझतो. आम्ही म्हणतो, काका आले."

"त्यांनी काहीतरी वेळ लावून ठेवलेली असेल," मी म्हटलं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मशीन जे करतं ते कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं म्हणूनच करतं.

"असेल," सिस्टर म्हणाल्या. "पण टायवाल्याने मुख्य प्रोग्राम उडवल्यावरही लागतोय तो."

जिन्याखालच्या खोलीत मी कामाला बसले. खोली कसली, बोळच तो. एक टेबल, एक स्टूल, छताला टेकलेली चिंचोळी खिडकी आणि मशीनच्या पंख्याची घरघर. दार लोटलं की वरच्या पावलांचे आवाज डोक्यावरून जात. खूप दिवसांपूर्वी तारा जोडताना वितळवलेल्या सोल्डरचा, राळ जळल्यासारखा बारीक वास त्या भिंतींत अजून मुरलेला होता.

एरवी प्रोग्राम आपण इंटरनेटवरच्या तयार भांडारातून घेतो. तो कुठे काय ठेवतो याची मशीनला खबर असते, काढ म्हटलं की ते स्वतःच गोळा करून काढतं. सोर्समधून बसवलेल्याची अशी कोणाला खबर नसते. पण सोर्सचं फोल्डर जपून ठेवलेलं असेल तर त्यालाच उलटी आज्ञा देता येते, की बाबा रे, जे ठेवलंस ते उचल. मी ते फोल्डर शोधलं. नव्हतं. काकांनी काम झाल्यावर ते पुसून टाकलं होतं. नीटनेटक्या माणसाची ही खास चूक. घर चकाचक आवरतो आणि आवरताना किल्लीच फेकून देतो.

अंदाजाने पुसावं तर भीती, कारण त्याच कपाटात औषधांच्या वेळा सांभाळणारा दुसराही एक प्रोग्राम होता. त्याची एखादी फाइल गेली असती तर आगीतून फुफाट्यात. म्हणजे एकच मार्ग उरला. काकांचा तोच सोर्स, त्यांच्या फेरफारांसकट, कुठूनतरी मिळवायचा.

"काकूंकडे असेल," सिस्टर म्हणाल्या. "पण द्यायच्या नाहीत त्या. तुम्ही बोलून बघा."

काकू उशीला टेकून विणत बसल्या होत्या. एक बाजू लुळी पडलेली, म्हणून एक सुई काखेत धरायची आणि दुसरी हातात. मला बघून त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"त्यांना काढायला आलीस ना?"

"त्यांना नाही हो काकू. प्रोग्राम काढायला आले."

"तेच ते."

मी खाटेच्या कडेला बसले. पडद्यापलीकडून मास्तरांच्या श्वासाचा घुरघुर आवाज येत होता. काकूंनी तिकडे मान वळवली.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "पडदा हलत होता त्यांच्या धडपडीने. आणि सिस्टर मला विचारतायत, काकू काय हवंय? माझ्या तोंडातून शब्द फुटेना गं. नुसतं बोट दाखवत होते." मग म्हणाल्या, "यांना कळलं असतं ना, आपल्या बेलेपायी असं झालं, तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं बघ." आणि स्वतःच हसल्या. "बोलून चालून मेलेलंच माणूस, आणखी काय होणार म्हणा."

मीही हसले. पण त्यांचं हसू लगेच मावळलं.

"ऐक. घर सोडलं, कपडे वाटून टाकले, त्यांची माणसं एकेक करून गेली. रोज तो एक दिवा लागतो तेवढाच. मला इथून दिसतही नाही तो, सिस्टर येऊन सांगतात. तो लागला की मला कळतं, आहे कोणीतरी, ज्याला मी आठवते. तो गेला की माझ्याजवळ त्यांचं काय राहिलं? सांग ना तूच."

 मास्तर पलीकडे श्वास ओढत होते, आणि इथे ही बाई एका दिव्यावर जगत होती. दोन्ही खरं होतं. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला. खोटं नाही सांगत, त्या घटकेला मला परत निघून जावंसं वाटलं.

शेवटी त्यांनीच विचारलं, "कसं काढतात गं ते? तोडून?"

"नाही. उलट, काढण्याआधी ते परत एकदा बसवावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनवर एक रिकामं फोल्डर करायचं. रिकामी खोलीच समजा. प्रोग्रामला सांगायचं, हेच तुझं घर, इथे संसार मांड. तो बिचारा आपलं सगळं सामान त्या खोलीत मांडतो. मग आपल्याला दिसतं, याचं काय काय आहे आणि कुठे कुठे असतं. तेवढंच मग खऱ्या घरातून उचलायचं. दुसऱ्या कोणाच्या वस्तूला धक्का लागत नाही."

काकूंनी मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवलं. मग विणकामाच्या पिशवीत तळापर्यंत हात घालून त्यांनी लोकरीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. पण लगेच दिला नाही, मुठीत धरला.

"एका अटीवर. तो संसार मांडेल ना त्या खोलीत... तेवढा वेळ मला तिथे बसू दे."

सिस्टरांनी चाकाची खुर्ची आणली. जिन्याशेजारच्या उतारावरून काकूंना खाली नेलं आणि माझ्या स्टुलाशेजारी बसवून त्या वॉर्डात परत गेल्या. त्या बोळात आम्ही दोघी, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. मी पेनड्राइव्ह लावला, सोर्स उतरवून घेतला आणि कंपाइल करायला सोडला. मशीनच्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या. काकूंना अक्षर दिसत नव्हतं, पण त्या ओळींच्या हालचालीकडे टक लावून बघत होत्या.

"घरी असंच चालायचं," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, काय बघत बसता त्या रांगांकडे? तर म्हणायचे, भाकरी फुगताना तू नाही का बघत बसत?"

मग मी ते रिकामं फोल्डर केलं आणि बसवायची आज्ञा दिली. काकांनी प्रत्येक टप्प्याला आपल्या भाषेत एकेक ओळ छापायची सोय करून ठेवलेली होती. हे मला आवडलं. मी ती मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

"'लायब्ररी ठेवली.' ...'सेटिंग ठेवलं, जुनं असेल तर हात लावला नाही.' ...'दिव्यांची नावं ठेवली.'"

काकू प्रत्येक ओळीला मान डोलवत होत्या, जणू स्वयंपाकघरातून त्या "हं" म्हणत आहेत. आणि मग पंख्याची घरघर एकदम खाली गेली. बंद पडला नाही, पण कोणी दार ओढून घ्यावं तसा आवाज लांब गेला. राळेचा वास मघाशी भिंतींत होता, तो आता नाकाशी आला. ताजा. कोणीतरी नुकतीच तार डागल्यासारखा.

पडद्यावर पुढची ओळ आली. मी ती वाचली नाही.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही..."

"वाच ना."

मी वाचलं, "'खाली... गारठा आहे. शाल घेतलीस का?'"

काकूंना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी पदराच्या टोकासारखं शालीचं टोक पुढे ओढून दाखवलं, मला नव्हे, पडद्याला.

"घेतलीय," त्या म्हणाल्या.

आणि लगेच खालची ओळ आली. 'बरं. झालं.' मग नेहमीसारखी रिकामी जागा, माझ्या आज्ञेची वाट बघणारी.

मला वाटलं, काकांनी गमतीने लिहून ठेवलेलं असेल. तिथल्या तिथे मी अख्ख्या सोर्समध्ये ते वाक्य शोधलं. 'लायब्ररी ठेवली' होतं. 'दिव्यांची नावं ठेवली' होतं. गारठा कुठेच नव्हता, शाल कुठेच नव्हती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण काकू इतक्या शांत होत्या की ओरडायचीही लाज वाटली.

मी त्या फोल्डरात काय काय उतरलं ते बघितलं. प्रत्येक फाइलपुढे तिच्या मालकाचं नाव असतं. बसवलं मी होतं, म्हणजे नाव माझं हवं. पण तिथे नुसता एक आकडा होता. माणसाचं मशीनवरचं खातं पुसलं की त्याच्या फाइलींपुढे नाव राहत नाही, त्याचा जुना आकडा तेवढा राहतो. काकांचं खातं ते गेले तेव्हाच पुसलं होतं. नुकत्याच, माझ्या डोळ्यांसमोर तयार झालेल्या फाइली एका नसलेल्या माणसाच्या नावावर होत्या.

"थांबलीस का?" काकू म्हणाल्या. "काढ आता. मास्तरांचा जीव टांगणीला नको."

मी खऱ्या कपाटाकडे वळले. पहिली फाइल पुसली, पुसली गेली. दुसरी पुसायला गेले, तर मशीन म्हणालं, अशी फाइल नाही. मघाशीच तर तिथे होती ती! तिसरी, तीही नाही. चौथी नाही. मी नाव लिहावं आणि ती आधीच गेलेली असावी, असं चाललं. माझ्या पुढे, एक पाऊल पुढे, कोणीतरी चाललं होतं आणि आपलं सामान स्वतः उचलत होतं. औषधांच्या फाइलींना धक्कासुद्धा नाही. तीच ती लायब्ररीही गेली. शेवटी जी रिकामी खोकी राहतात ना, फोल्डरं, तीही आतून बाहेर अशी एकेक करून गेली. मी कीबोर्डवरचे हात कधीच उचलले होते.

"काकू..." मी म्हटलं. "मी नाही करत आहे हे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "अर्धवट काम त्यांना कधी बघवलं नाही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण चेहरा रडवेला नव्हता. स्टेशनवर कोणाला सोडायला गेल्यावर गाडी हलेपर्यंत माणूस हसत राहतो ना, तसा होता.

आता एवढंच उरलं होतं, ते रिकामं फोल्डर, ज्यात काकांचा संसार नुकता मांडला गेला होता. नियमाप्रमाणे तेही पुसायचं असतं. पण मला पुसवेना. मी म्हटलं, "काकू, हे इथे असलं तरी कोणाच्या बेलेला त्रास नाही. राहू द्यायचं का? किंवा तुमच्या पेनड्राइव्हवर तरी..."

 मी खरंच आशा करत होते की त्या हो म्हणतील.

"न पुसलं तर दिवा लागेल का रोज?"

"नाही. दिवा नाही लागणार."

"मग ते तिथे काय करतील गं? रिकाम्या खोलीत. एकटे." त्यांनी डोळे पुसले. "पूस. पेनड्राइव्हवरचंही पूस. कुठली कळ दाबायची ते दाखव, मी दाबते."

मी दोन्हीकडचं पुसायची आज्ञा लिहिली आणि त्यांचं बोट एंटरवर नेऊन ठेवलं. त्यांनी दाबलं. चार फाइली पुसायला डोळ्याची पापणीही लवत नाही. पण ते संपेना. डिस्क कुरकुरत राहिली, थांबली, परत कुरकुरली. किती वेळ गेला कोण जाणे. एवढं काय होतं तिथे पुसण्यासारखं? काकू डोळे मिटून, डोकं खुर्चीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत गेली. मग एकदम पंखा पहिल्यासारखा घरघरायला लागला. राळेचा वास नाही. भिंतींतलासुद्धा नाही.

"झालं?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"झालं."

"छान," त्या म्हणाल्या आणि जांभई दिली.

वर नेऊन त्यांना खाटेवर निजवलं. मग मी आणि सिस्टरांनी प्रत्येक बटण दाबून पाहिलं. मास्तरांनी दाबलं की मास्तरांचाच दिवा, पडद्याजवळच्या आजींनी दाबलं की त्यांचाच. माझा जीव भांड्यात पडला. चहाची वेळ झाली. आम्ही दोघी फळीपाशी उभ्या राहिलो. चहाची गाडी वॉर्डातून फिरून परत आली. काकूंचा दिवा लागला नाही. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला.

मला वाटलं, आपणच जाऊन सांगावं. काकू बसलेल्या होत्या आणि बशीत ओतून मजेत चहा पीत होत्या.

"काकू, आज दिवा नाही लागला," मी म्हटलं. "मला फार वाईट वाटतंय हो. काकांचं तेवढंच..."

"कुठले काका?"

मला वाटलं, रागावल्या आहेत. पण त्यांची नजर स्वच्छ होती. मी म्हटलं, "तुमचे यजमान."

"अगं बाई!" त्या खळखळून हसल्या. "माझं कुठे लग्न झालं? राहूनच गेलं ते. तू दुसऱ्या कोणाचं ऐकून आलीस."

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दिवस विचारला, वार विचारला, हात उचलायला लावला, जीभ बघितली. सगळं ठीक. मी कोण ते त्यांना आठवत होतं, मास्तर आठवत होते, लहानपणची मांजर आठवत होती. जुनं पत्र्याचं घरही आठवत होतं, अगदी कोणत्या खोलीत ऊन यायचं इथपर्यंत. फक्त त्या घरात त्या एकट्या राहत होत्या. या वयात होतं असं, डॉक्टर म्हणाले, उद्या तपासण्या करू. ते गेल्यावर सिस्टरांनी मला काकूंचा हात दाखवला. बोट सुजलं म्हणून मागच्याच महिन्यात त्यांची लग्नाची अंगठी कापून काढावी लागली होती. इतक्या वर्षांचा खोल वळ होता म्हणे, हाडापर्यंत रुतल्यासारखा. मी ते बोट दिव्याखाली धरून पाहिलं. कातडी कोवळ्या मुलीच्या बोटासारखी सपाट होती.

मी निघाले. दारापर्यंत गेले तर काकूंनी हाक मारली. जवळ बोलावलं, आणखी जवळ, कानाशी.

"एक विचारू? मघाशी तुम्ही दोघी तिकडे फळीपाशी होतात ना... एक गृहस्थ येऊन गेले. इथल्याच कामावरचे आहेत का गं?"

"कोण गृहस्थ?"

"उंच आहेत. कमी ऐकू येत असावं, डावा कान असा पुढे करतात. माझी दोरी लोंबत होती ना, ती त्यांनी खाटेला नीट बांधून दिली. मग म्हणाले, बसू का जरा? बसले. माझं नाव विचारलं." काकूंच्या गालांवर लाली चढली होती. मला तर बघवेना. "या वयात आपल्याला नाव कोण विचारतं गं? नाव सांगितलं, तर म्हणाले, छान आहे. दोनदा म्हणाले."

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी एका हाताने खाटेचा दांडा घट्ट धरला होता. डावा कान पुढे करून कोण ऐकायचं, ते त्यांना विचारायची गरज नव्हती. काकूंची दोरी टायवाल्याने खरंच लोंबती सोडली होती, आणि ती बांधायची मी विसरले होते. आता ती दांड्याला दोन वेढे देऊन बांधलेली होती, काकूंचा चांगला हात सहज पोचेल अशा उंचीवर.

"उद्या परत येऊ का म्हणाले," काकू सांगत होत्या. "धुकं निवळलं की बाहेर घेऊन जातो म्हणाले, फार लांब नाही. मी म्हटलं, या की. नाही कशाला म्हणू? चांगला वाटला माणूस. सिस्टर, सकाळी जरा माझे केस धुऊन द्याल?"

सिस्टर आज घरी गेलेल्या नाहीत. त्यांनी काकूंच्या खाटेशेजारी खुर्ची टाकली आहे. मीही उजाडताच निघणार आहे. येताना वाटेत मी ठरवत होते, तो कोण आहे ते काकूंना सांगून टाकायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं नाही. आणि घरी येऊन पाहते, तर पिशवीत आधी काकूंच्या केसांसाठी कंगवाच ठेवलाय मी.